अर्धशिशी, पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांचा वारसा

अर्धशिशी हा जगातला सर्वांत जास्त लोकांना होणाऱ्या आजारांपैकी एक आहे. जगभरात १०० कोटींहून अधिक माणसे त्याने त्रस्त आहेत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे चार माणसांत एक. पक्षाघात त्या मानाने विरळा, पण एकदा आला की घराची घडीच मोडणारा. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या एच वॉर्डात दीड लाखाहून जास्त लोकसंख्येवर लक्ष ठेवून नोंदी केल्या. तिथे दरवर्षी लाखामागे १४५ जणांना नव्याने पक्षाघात होत होता आणि त्यांतले सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावत होते. या दोन आजारांमध्ये काही नाते आहे का, आणि असल्यास ते आईबापांकडून मुलांकडे येते का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

नाते आहे, पण ते प्रत्येक अर्धशिशीशी नाही. अर्धशिशीचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. बहुतेकांचे डोके थेट दुखू लागते. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा रुग्णांना मात्र दुखण्याआधी काही वेगळेच जाणवते. डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, नजरेचा एखादा तुकडा पुसल्यासारखा होतो, बोटांपासून मुंग्या सुरू होऊन हात, मग ओठ असे करत त्या वर सरकतात, कधी शब्द सुचेनासे होतात. हे सगळे ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. या अवस्थेला ऑरा म्हणतात. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात ऑरासह अर्धशिशी असणाऱ्यांना रक्ताच्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे २.१६ पट दिसला. ऑरा नसलेल्यांमध्ये अशी वाढ खात्रीने सांगता आली नाही.

दुप्पट हा शब्द ऐकून घाबरून जाण्याआधी मूळ आकडा पाहायला हवा. ऑराचा त्रास असलेल्या तिशीतल्या स्त्रीला एखाद्या वर्षात पक्षाघात होण्याची शक्यता मुळातच अगदी कमी असते, आणि ती दुप्पट झाली तरी कमीच राहते. मध्यमवयीन स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून निघालेला अंदाज असा की ऑरामुळे १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ४ पक्षाघात जास्त होतात. व्यक्तीच्या दृष्टीने हा धोका लहान आहे. अर्धशिशी कोट्यवधींना असल्यामुळे समाजाच्या दृष्टीने तो लहान राहत नाही. शिवाय काही घराण्यांत तो मुळीच लहान नसतो.

ऑरा म्हणजे मेंदूत नेमके काय होते, हे १९४४ मध्ये ब्राझीलचे शास्त्रज्ञ आरिस्तीदेस लेआंव यांनी सशांवरील प्रयोगांत पाहिले. मेंदूच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी धक्का दिला की तिथल्या पेशी एकाएकी उत्तेजित होऊन मग निपचित होतात, आणि ही लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या संथ वेगाने पसरत जाते. त्याच्या तीनच वर्षे आधी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या डोळ्यांपुढे वाढत जाणाऱ्या नागमोडी रेषा कागदावर काढून मेंदूतल्या त्यांच्या प्रवासाचा वेग मोजला होता. तोही तेवढाच निघाला. लाटेच्या काळात पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि लाट ओसरल्यावर त्या भागातला रक्तपुरवठा बराच वेळ कमी राहतो. निरोगी मेंदू हे सहन करतो. ज्या मेंदूला रक्त आधीच अपुरे पडते आहे, तिथे हीच लाट घातक ठरू शकते. आनुवंशिक नात्याचा पहिला धागा इथे सापडतो.

अर्धशिशी घराण्यात चालते हे लोकांना कधीपासून ठाऊक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तिच्या कारणांत आनुवंशिकतेचा वाटा ४० ते ६० टक्के असावा असे दिसते. डेन्मार्कमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऑरासह अर्धशिशी असलेल्या रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुलांमध्ये तोच आजार इतरांच्या जवळजवळ चौपट आढळला. ऑरा नसलेल्या प्रकारात हा आकडा दुप्पट होता. म्हणजे ज्या प्रकाराचे पक्षाघाताशी नाते जास्त ठळक, तोच रक्तात जास्त उतरतो.

एकाच जनुकातील दोषामुळे होणारी अर्धशिशी दुर्मीळ आहे, पण तिने शिकवले फार. काही घराण्यांत ऑराच्या वेळी शरीराची एक बाजू काही तास, कधी काही दिवस लुळी पडते आणि मग पूर्ववत होते. घरच्यांना तो पक्षाघातच वाटतो. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी यामागे १९व्या गुणसूत्रावरचे सीएसीएनए१ए हे जनुक असल्याचे दाखवले. २००३ मध्ये एटीपी१ए२ आणि २००५ मध्ये एससीएन१ए ही आणखी दोन जनुके सापडली. पहिले जनुक पेशींत कॅल्शियमची ये-जा ठरवते, तिसरे सोडियमची, आणि दुसरे सोडियम-पोटॅशियमचा पंप चालवते. तिन्हींतल्या दोषाने मेंदू सहज उत्तेजित होतो आणि लेआंव यांनी पाहिलेली लाट थोड्या निमित्तानेही उठते. पहिल्या जनुकातला दोष उंदरांत घालून त्यांच्या मेंदूची एक धमनी बंद केली, तेव्हा अशा लाटा एकामागून एक उठल्या आणि मेंदूचा मृत होणारा भाग साध्या उंदरांपेक्षा लवकर व जास्त वाढला. अर्धशिशीचे जनुक पक्षाघात घडवतेच असे यातून ठरत नाही. घडलेला पक्षाघात ते जास्त मोठा करू शकते, एवढे मात्र ठरते.

दुसरा धागा रक्तवाहिनीच्या भिंतीतून जातो, आणि भारतीय वाचकाने इथे जरा थांबावे. कॅडासिल हा आजार १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या एलिझाबेथ तुर्निए-लासेर्व, मारी-जेर्मेन बूसेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट ओळखला. १९९६ मध्ये त्याचे जनुक सापडले. तेही १९व्या गुणसूत्रावरच. त्याचे नाव नॉच-३. मेंदूतल्या बारीक धमन्यांभोवती स्नायूंचे जे वेष्टन असते, त्यातल्या पेशींवर या जनुकाचे प्रथिन बसलेले असते. त्या प्रथिनात एकसारखे ३४ घटक ओळीने असतात आणि प्रत्येकात सिस्टीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जोड्यांनी बांधलेले असतात. जनुकातल्या चुकीमुळे एखाद्या घटकात सिस्टीन एकने कमी किंवा जास्त झाले, की एक रेणू जोडीविना उरतो. बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून धमनीच्या भिंतीत साचतात, स्नायू झिजतात, भिंत जाड आणि ताठ होते. उन्हात वर्षानुवर्षे पडून कडक झालेल्या रबरी नळीसारखी ती धमनी मग गरजेप्रमाणे रुंदावू शकत नाही.

कॅडासिलच्या वाटचालीत अर्धशिशी बहुधा आधी येते. २० ते ४० टक्के रुग्णांना तिशीच्या आसपास ऑरासह अर्धशिशी सुरू होते. नॉच-३ चा दोष घातलेल्या उंदरांच्या मेंदूतही ती संथ लाट सहज उठते असे दिसले आहे. पस्तिशीपर्यंत एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात, विशेषतः कानशिलामागच्या टोकांशी, डाग दिसू लागतात. चाळिशी-पन्नाशीत छोटे छोटे पक्षाघात, अनेकदा रक्तदाब किंवा मधुमेह नसताना. त्यापाठोपाठ काहींना मनाची उदासी, विसराळूपणा, हळूहळू स्मृतिभ्रंश. तिशीतल्या डोकेदुखीचा आणि वीस वर्षांनी आलेल्या अर्धांगवायूचा संबंध कुटुंबात कोणी जोडत नाही, कारण मधल्या काळात दवाखाने बदलतात, कागद हरवतात आणि आजोबा कशाने गेले हे सांगणारे माणूस उरत नाही.

कॅडासिल फार दुर्मीळ मानला जाई. मात्र जगभरातल्या मोठ्या जनुक-संग्रहांची छाननी झाल्यावर नॉच-३ मधले सिस्टीन बदलणारे दोष साधारण ३०० माणसांमागे एकाकडे असल्याचे दिसले, आणि सर्वाधिक प्रमाण दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत आढळले, जवळजवळ शंभरात एक. हे सगळे लोक आजारी नाहीत. दोष प्रथिनाच्या पहिल्या सहा घटकांत असेल तर आजार लवकर आणि तीव्र होतो. सातव्यापासून पुढे असेल तर तो उशिरा, सौम्य, किंवा कधीच जाणवणार नाही असाही असू शकतो. तरीही, तरुण वयात पक्षाघात झालेल्या भारतीय रुग्णाच्या बाबतीत हा आजार परदेशातला म्हणून बाजूला ठेवणे आता योग्य नाही.

मुंबईजवळच्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात आनुवंशिक आजार हा विषय अनोळखी नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर झाले, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असल्याने लग्नाआधी किंवा गरोदरपणात रक्त तपासण्याचे महत्त्व तिथल्या अनेक घरांना माहीत आहे. थॅलेसेमियाचा मोठा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो. वाहक स्वतः धडधाकट असतो. कॅडासिलचे तसे नाही. एका पालकाकडून आलेला एक दोष पुरतो. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून इथे नात्यात लग्न झाले होते का या प्रश्नाइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा प्रश्न असतो: वडिलांच्या किंवा आईच्या बाजूला साठीच्या आत कोणाला लकवा झाला होता का?

एका भारतीय समाजातला मेंदूचा आनुवंशिक आजार नेमका ओळखण्याचे काम मुंबईत झाले आहे. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांनी अग्रवाल समाजातल्या, मोठे डोके आणि पांढऱ्या भागाची झीज असणाऱ्या मुलांचा आजार १९९६ मध्ये मांडला. २००४ मध्ये त्यामागचा एमएलसी१ जनुकातला एकच सामाईक दोष प्रसिद्ध झाला. तो आजार अर्धशिशीचा नव्हे. पण रुग्णांची आडनावे, गावे आणि नातीगोती बारकाईने विचारण्यातून काय हाती लागते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

केवळ आईकडून येणारा एक वारसाही आहे. पेशीतली ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, मुलांना आईकडूनच मिळतात. त्यांच्या डीएनएत ३२४३ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा बदल झाला तर मेलास हा आजार होऊ शकतो: उलट्यांसह अर्धशिशीसारखी डोकेदुखी, फिट्स आणि चाळिशीच्या आतच पक्षाघातासारखे झटके. घरातल्या इतरांना लहान वयात बहिरेपणा किंवा मधुमेह असू शकतो. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध मायटोकाँड्रियाच्या आजारांत धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे हे निदान चुकता कामा नये.

वरची घराणी एकूण रुग्णांत मूठभर. बाकीच्या लाखो रुग्णांची अर्धशिशी एका जनुकाने होत नाही. शेकडो जनुकांतले छोटे फरक प्रत्येकी कणभर भर घालतात. २०१६ मध्ये पावणेचार लाख लोकांच्या जनुकांची तुलना करून अशा ३८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये १,०२,०८४ रुग्ण आणि पावणेआठ लाखांच्या आसपास इतर लोक यांची तुलना झाली, तेव्हा जागा १२३ झाल्या. अर्धशिशी हा केवळ मज्जातंतूंचा आजार असता तर ही जनुके मुख्यतः मेंदूच्या पेशींत काम करताना दिसायला हवी होती. २०१६ च्या अभ्यासात त्यांचा कल धमन्या आणि त्यांच्या भिंतीतल्या स्नायूंकडे दिसला. रक्तवाहिन्यांना अर्धशिशीच्या मुळाशी मानावे की नाही, हा वाद वैद्यकात शतकभर चालला होता. जनुकांनी तो पुन्हा उघडला.

त्यांतले पीएचएसीटीआर१ हे जनुक सर्वांत विचार करायला लावणारे आहे. सहाव्या गुणसूत्रावरच्या या जागेचे दोन पर्याय लोकांत आढळतात. एक पर्याय अर्धशिशीची शक्यता वाढवतो आणि मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटण्याचीही, पण हृदयाच्या धमन्यांत चरबी साचून होणाऱ्या विकाराची शक्यता कमी करतो. दुसऱ्या पर्यायाचे नेमके उलट. २०१७ मध्ये दाखवले गेले की ही जागा शेजारच्या एन्डोथेलिन-१ या, रक्तवाहिनी आकुंचित करणाऱ्या रसायनाच्या जनुकावर परिणाम करते. म्हणजे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ जनुक अशी विभागणी इथे चालत नाही. जो फरक तरुण वयात डोके दुखवतो, तोच उतारवयात हृदयविकारापासून थोडेफार राखतो.

मानेतली धमनी फाटणे हे तरुणांतल्या पक्षाघाताचे एक प्रमुख कारण आहे. पदर फाटला की तिथे गुठळी धरते आणि तुकडा सुटून मेंदूत जातो. त्यामुळे केशकर्तनालयात मालिश झाल्यावर मान झटक्याने वळवून कडकन आवाज काढण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती अर्धशिशीच्या रुग्णांनी तरी टाळावी. अशा झटक्यानंतर धमनी फाटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. मानेत एका बाजूला नव्यानेच सुरू झालेली, आधी कधी न अनुभवलेली वेदना ही नेहमीची अर्धशिशी समजून गोळी घेऊन झोपू नये.

२०१५ मध्ये अर्धशिशी आणि पक्षाघात यांच्या जनुकीय माहितीची थेट तुलना झाली तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सामाईक जनुके ऑराच्या प्रकारापेक्षा ऑरा नसलेल्या प्रकारात जास्त दिसली. लोकसंख्येच्या अभ्यासांत नेमके उलटे होते. याचा सरळ अर्थ असा की ऑराच्या रुग्णांचा वाढीव धोका केवळ या सामाईक जनुकांनी समजत नाही. तो लाटेतून, रक्ताच्या गोठण्यातून आणि राहणीमानातूनही येत असणार. गोठण्याचा धागा जनुकांतही दिसतो: जन्मतःच रक्त गोठवणारा आठवा घटक आणि व्हॉन विलेब्रांड घटक जास्त असण्याकडे ज्यांचा कल असतो, त्यांना अर्धशिशीची, विशेषतः ऑरासह, शक्यता थोडी अधिक असते. रक्तदाबाच्या खालच्या आकड्याशीही अर्धशिशीची जनुके जुळतात.

जनुके बदलता येत नाहीत, पण त्यांच्या जोडीला येणारे धोके बदलता येतात, आणि गुणाकार तिथेच होतो. वर सांगितलेल्या २००९ च्या हिशेबात धूम्रपान करणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांना पक्षाघाताचा धोका सुमारे ९ पट आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या अर्धशिशीग्रस्त स्त्रियांना सुमारे ७ पट दिसला. आपल्याकडे बायका सहसा सिगारेट ओढत नाहीत, म्हणून हा मुद्दा सोडून दिला जातो. मिश्रीचे काय? भाजलेल्या तंबाखूने दात घासण्याची सवय महाराष्ट्रात आजही आहे, आणि तिच्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आवळतेच. धूम्रपानाचा आकडा मिश्रीला जसाच्या तसा लावता येत नाही. सोडण्याचा सल्ला मात्र दोन्हींना सारखाच लागू आहे.

गोळ्यांबाबत अधिक स्पष्ट सांगता येते. सरकारी केंद्रांतून आणि आशाताईंकडून मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे अशी दोन संप्रेरके असतात. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीने कोणत्याही वयात इस्ट्रोजेन असलेली एकत्रित गोळी घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. तांबीवर या कारणाने कसलेही बंधन नाही. पाळणा लांबवण्यासाठी आलेल्या बाईला डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही चमकते का, एवढे विचारायला मिनिटही लागत नाही. हा प्रश्न प्रत्येक केंद्रावर विचारला जायला हवा. ज्यांना आधी पक्षाघात झाला आहे किंवा ज्यांच्या ऑरात अर्धे अंग लुळे पडते, त्यांना रक्तवाहिन्या आवळणारी अरगट आणि ट्रिप्टानची औषधेही देत नाहीत.

राहणीमानाचा भाग बदलापूर-उल्हासनगर पट्ट्यात वेगळा उठून दिसतो. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. पहाटेची गाडी गाठण्यासाठी मोडलेली झोप, उपाशीपोटी प्रवास, उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारा पारा, गर्दीत कमी प्यायलेले पाणी: अर्धशिशीला चाळवणारी बहुतेक कारणे या दिनक्रमात एकत्र येतात. तिशीनंतर रक्तदाब मोजणे, तो वाढल्यास औषध नियमित घेणे आणि मधुमेहावर लक्ष ठेवणे यांचे महत्त्व कॅडासिलच्या घराण्यांतही कमी होत नाही. उलट रक्तदाब आणि तंबाखू त्या रुग्णांना जास्त लवकर खाली खेचतात.

ऑरा आणि पक्षाघात वेगळे ओळखणे नेहमी सोपे नसते. ऑरा हळूहळू, ५ मिनिटे किंवा अधिक वेळ घेत पसरतो, एका जागेकडून दुसरीकडे सरकतो, आणि त्यात बहुधा काहीतरी ‘जास्तीचे’ जाणवते: चमक, रेषा, मुंग्या. पक्षाघात क्षणात येतो आणि काहीतरी काढून घेतो: हाताचे बळ, वाचा, नजर, तोल. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे किंवा जीभ जड होणे एकाएकी घडले, तर आधी अर्धशिशी होती की नाही याची चर्चा करत बसू नये. ऑरा तासाभराहून जास्त टिकला, नेहमीपेक्षा वेगळा आला किंवा पहिल्यांदाच चाळिशीनंतर आला, तरी हाच नियम. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो, आणि जितका उशीर तितका मेंदू जास्त मरतो. १०८ वर फोन करताना लक्षणे किती वाजता सुरू झाली हे सांगावे, आणि रात्र-दिवस सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे. आधी फॅमिली डॉक्टर, मग सकाळी मुंबई, हा क्रम इथे चालत नाही.

जनुकांची तपासणी कोणी करावी? साध्या अर्धशिशीच्या रुग्णाने मुळीच नाही. १२३ जागांचे गुण मोजून त्याच्या उपचारांत आज काही फरक पडत नाही. हे संशोधन मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्याने ते गुण भारतीयांना कितपत लागू पडतात हाही प्रश्न आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. आपल्या समाजांसाठीची उत्तरे अशा कामातून येतील. ऑरासह अर्धशिशी, पन्नाशीच्या आत पक्षाघात आणि एमआरआयमध्ये पांढऱ्या भागातले डाग हे तिन्ही एका घराण्यात जमले असतील, तर मात्र नॉच-३ ची चाचणी विचारात घ्यावी. रक्ताच्या एका नमुन्यावर ती होते.

चाचणीआधी समुपदेशन हवे. कॅडासिल पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही, त्यामुळे लक्षणे नसलेल्या नातेवाइकाला ‘होकारार्थी’ अहवाल हाती घेऊन अनेक वर्षे काढावी लागू शकतात. ते जाणून घ्यायचे की नाही हे सज्ञान व्यक्तीने स्वतः ठरवायचे असते. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची ही चाचणी करत नाहीत. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून घराण्यातला लकवा लपवण्याकडे अनेकांचा कल असतो; त्या लपवण्याने तिचा रक्तदाब मोजला जात नाही, तिला चुकीची गोळी मिळते आणि तिच्या तिशीतल्या डोकेदुखीकडे कोणी लक्ष देत नाही. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढून, प्रत्येक नावापुढे डोकेदुखी, लकवा, विसराळूपणा आणि ते कोणत्या वयात झाले एवढे लिहून डॉक्टरांकडे नेणे हे कोणत्याही महाग तपासणीआधीचे पहिले पाऊल आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती बहुधा घरातल्या सर्वांत वयस्क आजी किंवा आत्यालाच ठाऊक असते.